सरफोजी भोसले (दुसरे)

सरफोजी भोसले (दुसरे) ऊर्फ शरभोजी महाराज (२४ सप्टेंबर १७७७ – ७ मार्च १८३२) हे तंजावरच्या मराठा राज्याचे राजे होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी भोसले यांनी तमिळ प्रदेशात स्थापन केलेल्या राजघराण्यात ते दत्तकविधानाने आले. दत्तकाच्या वैधतेवरून त्यांचा राज्यावरील हक्क सुमारे अकरा वर्षे वादात राहिला. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यानंतरच्या तेहतीस वर्षांत त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, राजवाडा, देवस्थानांची व्यवस्था आणि नेमणूक एवढेच राहिले. या मर्यादेत राहून त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय, देवनागरी छापखाना, शाळा, वैद्यकशाळा आणि अन्नछत्रे यांचा विस्तार केला. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये हे राज्य कंपनीने खालसा केले. मात्र भोसल्यांचे हे घराणे आजही तंजावरात आहे.

वंशपरंपरा

तंजावरच्या भोसले घराण्याचा उगम वेरूळच्या मालोजी भोसल्यांपर्यंत जातो. मालोजींचे पुत्र शहाजी यांना जिजाबाईंपासून शिवाजी आणि तुकाबाई मोहिते यांच्यापासून व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे पुत्र झाले. शहाजींच्या मृत्यूनंतर (१६६४) बंगळूरकडील जहागीर व्यंकोजींच्या ताब्यात राहिली. त्या काळात तंजावरवर नायकांचे राज्य होते. मदुरैच्या चोक्कनाथ नायकाने १६७३ मध्ये तंजावर जिंकले, तेव्हा तंजावरकर नायकांचा वारस चेंगमलदास याच्या बाजूने विजापूर दरबाराने व्यंकोजींना पाठविले. व्यंकोजींनी मदुरैकरांचा पराभव केला. परंतु थोड्याच काळात, १६७५–७६ च्या सुमारास, राज्य स्वतःच्या हाती घेतले.

१६७७ मध्ये कर्नाटक स्वारीवर असताना शिवाजी महाराजांनी व्यंकोजींची भेट घेऊन वडिलार्जित मालमत्तेतील वाटा मागितला. ही बोलणी फिसकटली. पुढे संघर्ष होऊन अखेर दोघा बंधूंत समेट झाला आणि तंजावर व्यंकोजींकडेच राहिले. या समेटात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा वाटा महत्त्वाचा मानला जातो.

व्यंकोजींनंतर त्यांचे तीन पुत्र शहाजी (१६८४–१७१२), पहिले सरफोजी (१७१२–१७२८) आणि तुकोजी (१७२८–१७३६) हे क्रमाने गादीवर आले. शहाजी स्वतः ग्रंथकार होते. मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या भाषांतील रचना त्यांच्या दरबारात झाल्या आणि त्यांच्या मराठी नाटकांना मराठी रंगभूमीच्या पूर्वेतिहासात स्थान दिले जाते. तुकोजींनंतरची तीन वर्षे अस्थिर होती. या काळात दुसरे एकोजी, त्यांच्या पत्नी सुजानबाई आणि काट्टुराजा हे एकामागून एक गादीवर आले. सुजानबाईंनी १७३७–३८ मध्ये स्वतः राज्यकारभार पाहिला. १७३९ मध्ये तुकोजींचे पुत्र प्रतापसिंह गादीवर आल्यावर राज्य स्थिरावले. त्यांच्यानंतर १७६३ मध्ये त्यांचे पुत्र तुळजाजी राजे झाले.

तुळजाजींच्या काळात तंजावर हे अर्काटचा नवाब महंमद अली आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या दुहेरी दबावाखाली आले. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा हा सुपीक मुलूख नवाबाला आपल्या कर्जफेडीसाठी हवा होता. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने नवाबाने तंजावर घेतले आणि तुळजाजी कैदेत पडले. कंपनीच्या लंडन येथील संचालकांच्या आदेशावरून मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी १७७६ मध्ये त्यांना पुन्हा गादीवर बसविले. या प्रकरणावरून मद्रासच्या कौन्सिलमध्ये तीव्र मतभेद झाले, खुद्द पिगट यांना अटक झाली आणि १७७७ मध्ये स्थानबद्धतेतच त्यांचा मृत्यू झाला. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने तंजावरचा प्रदेश उद्ध्वस्त झाला. या घटनांनंतर तंजावरचे राज्य टिकविणे किंवा न टिकविणे हे प्रत्यक्षात कंपनीच्या हाती गेले.

जन्म आणि दत्तकविधान

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका दूरच्या शाखेत झाला. तुळजाजींची मुले त्यांच्या हयातीतच वारली होती आणि त्यांच्यामागे औरस वारस उरला नव्हता. त्यामुळे १७८७ मध्ये, मृत्यूच्या काही काळ आधी, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. मुलाचे वय लहान असल्याने त्याचे संरक्षण आणि शिक्षण यांची जबाबदारी तुळजाजींनी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या प्रोटेस्टंट मिशनऱ्याकडे सोपविण्याची इच्छा दर्शविली. श्वार्ट्झ हे मूळचे प्रशियाचे होते. ते अनेक वर्षे तंजावर आणि तिरुचिरापल्ली भागात राहत होते, त्यांना स्थानिक भाषा अवगत होत्या आणि दरबार व कंपनी या दोन्हींकडे त्यांच्या शब्दाला मान होता. राज्यकारभाराची जबाबदारी स्वतः स्वीकारणे त्यांना योग्य वाटले नाही. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी मुलाच्या वतीने कारभार पाहावा, अशी व्यवस्था ठरली.

वारसाहक्काचा वाद

तुळजाजींच्या मृत्यूनंतर अमरसिंहांनी दत्तकविधानाला आव्हान दिले आणि गादीवर स्वतःचा हक्क सांगितला. दत्तकविधानाच्या वेळी तुळजाजींची मनःस्थिती ठीक नव्हती, मुलगा त्याच्या जनक पित्याचा एकुलता एक पुत्र होता आणि दत्तक जाण्याचे त्याचे वय उलटून गेले होते, असे मुख्य आक्षेप होते. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या मुद्द्यांवर एकमत नसल्याने दोन्ही बाजूंना आधार सापडणे शक्य होते. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी स्थानिक पंडितांचे मत मागविले. ते दत्तकाच्या विरुद्ध गेले आणि १७८७ मध्ये कंपनीने अमरसिंहांना राजा म्हणून मान्यता दिली.

अमरसिंहांच्या कारकिर्दीत सरफोजींना राजवाड्यात जवळजवळ कैदेत ठेवण्यात आले. त्यांना शिक्षणाची सोय नव्हती आणि बाहेरच्या कोणाला भेटण्याची मोकळीक नव्हती. श्वार्ट्झ यांनी याविषयी मद्रास सरकारकडे वारंवार तक्रार केली. तुळजाजींच्या विधवा राण्यांनाही अमरसिंहांकडून उपद्रव होत होता. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे श्वार्ट्झ आणि त्यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली सरफोजींचे नियमित शिक्षण सुरू झाले. मराठी, संस्कृत, तमिळ आणि तेलुगू या भाषांबरोबर त्यांनी इंग्रजीवर चांगले प्रभुत्व मिळविले. गणित, भूगोल आणि निसर्गविज्ञान या विषयांची गोडीही त्यांना याच काळात लागली. श्वार्ट्झ यांच्याविषयी त्यांना आयुष्यभर पित्यासारखा आदर वाटत राहिला. मात्र त्यांनी धर्मांतर केले नाही आणि शैव उपासना व कुळाचार पाळले.

दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडण्यात आला. बंगालमधील आणि काशीच्या पंडितांची मते मागविली असता ती दत्तकाला अनुकूल पडली. पूर्वीचा निर्णय पुरेशा चौकशीअभावी झाला, असा निष्कर्ष गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांच्या काळात काढण्यात आला. अमरसिंहांच्या कारभाराविषयीच्या तक्रारी आणि कंपनीच्या थकलेल्या रकमा यांमुळेही त्यांची बाजू कमकुवत झाली होती. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ यांचे निधन झाले. आपल्या शिष्याचे राज्यारोहण त्यांना पाहता आले नाही.

राज्यारोहण आणि १७९९ चा तह

जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. अमरसिंहांना नेमणूक देण्यात आली. ते कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर येथे राहू लागले आणि १८०२ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

सरफोजींना गादी मिळाली, तेव्हा भारतात लॉर्ड वेलस्ली यांचे विस्ताराचे धोरण सुरू झाले होते. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहानुसार तंजावर राज्याचा मुलकी, न्यायविषयक आणि लष्करी कारभार कायमचा कंपनीकडे गेला. राजांना दरवर्षी एक लाख स्टार पगोडा आणि निव्वळ महसुलाचा एक पंचमांश हिस्सा देण्याचे ठरले. तंजावरचा किल्ला आणि राजवाडा यांवर त्यांची सत्ता राहिली. ज्या कंपनीने दत्तकविधान मान्य करून त्यांना राजा केले, तिचा आग्रह नाकारण्याइतके बळ त्यांच्याकडे नव्हते. अकरा वर्षांच्या वादाचा शेवट अशा प्रकारे त्यांच्या बाजूने झाला, तरी वादाचा विषय असलेले राज्य त्यांच्या हाती जेमतेम सव्वा वर्ष राहिले.

छत्रे आणि लोकोपयोगी कामे

तंजावरच्या राजांनी रामेश्वरकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर अनेक छत्रे बांधली होती. या छत्रांत यात्रेकरूंना आणि वाटसरूंना जातिधर्माचा भेद न करता अन्न व निवारा मिळत असे. आजारी माणसांवर उपचार, बाळंतिणींची देखभाल आणि अनाथ मुलांचे संगोपन हीही त्यांची कामे होती. कारभार कंपनीकडे गेल्यावर या छत्रांची उत्पन्नेही जाण्याची भीती निर्माण झाली. १८०१ मध्ये सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहून छत्रांचे काम समजावून सांगितले आणि ती आपल्याकडे ठेवण्याची विनंती केली. हा धर्मादाय बंद पडला तर प्रजेच्या दृष्टीने आपली अप्रतिष्ठा होईल, हा त्यांच्या विनंतीचा मुख्य आधार होता. छत्रांची व्यवस्था त्यांच्याकडे राहिली.

१८०२ मध्ये त्यांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. मुक्तांबाळ या त्यांच्या प्रिय सहचारिणी होत्या आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ हे छत्र बांधण्यात आले. तेथे अन्नदानाबरोबर मोफत शिक्षणाची सोय होती आणि निरनिराळ्या भाषा शिकवल्या जात. छत्राची दगडी वास्तू अद्याप उभी आहे.

तंजावर शहरातील तलाव, पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था यांकडेही त्यांनी लक्ष दिले. बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील काही देवालयांचा जीर्णोद्धार त्यांनी केला. नेपोलियनविरुद्ध ब्रिटिशांना मिळालेल्या विजयाच्या स्मरणार्थ त्यांनी १८१४–१५ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर मनोरा नावाचा षट्कोनी, आठ मजली बुरूज बांधला. हा बुरूज आज पर्यटनस्थळ आहे.

सरस्वती महाल ग्रंथालय

तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची सुरुवात नायकांच्या काळात झाली आणि भोसले राजांनी तो वाढविला. त्याला आजचे स्वरूप देण्याचे श्रेय सरफोजींना जाते. त्यांनी ठिकठिकाणांहून संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते मिळविली. जी विकत मिळत नसत, त्यांच्या नकला करण्यासाठी पंडित आणि लेखनिक नेमले. युरोपातून त्यांनी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन इत्यादी भाषांतील हजारो छापील पुस्तके मागविली. त्यांतील अनेक पुस्तकांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. नकाशे, आकृत्या, वनस्पती आणि प्राणी यांची रंगीत चित्रे यांचाही मोठा संग्रह त्यांनी केला.

या ग्रंथालयात ताडपत्रे आणि कागद यांवरील हजारो हस्तलिखिते असून त्यांत संस्कृत ग्रंथांची संख्या सर्वांत मोठी आहे. मराठी हस्तलिखिते सुमारे तीन हजार आहेत. त्यांत संतवाङ्मय, आख्याने, नाटके आणि शास्त्रीय ग्रंथ यांचा समावेश होतो. दरबाराचे दैनंदिन कागदपत्र मोडी लिपीत असून त्यांची बरीच बाडे उपलब्ध आहेत. महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या अभ्यासासाठी हा संग्रह महत्त्वाचा मानला जातो.

शिक्षण आणि मुद्रण

सरफोजींनी नवविद्या कलानिधी या नावाने शाळा स्थापन केली. तेथे पारंपरिक शास्त्रांबरोबर भाषा, गणित, भूगोल, खगोल आणि नवे विज्ञान शिकविले जाई. शाळेसाठी पाठ्यपुस्तके लागत म्हणून १८०५ मध्ये राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू करण्यात आला. दक्षिण भारतातील हा पहिला देवनागरी छापखाना समजला जातो. तेथे मराठी आणि संस्कृत पुस्तके छापली गेली. इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद बालबोधमुक्तावली हा येथील प्रसिद्ध ग्रंथ होय. तो १८०६ च्या सुमारास छापला गेला. मुंबई-पुण्याकडे मराठी ग्रंथमुद्रणाला गती येण्यापूर्वीच तंजावरात हे काम झाले. परंतु हा छापखाना दीर्घकाळ चालला नाही आणि त्याच्या पुस्तकांचा प्रसार तंजावरच्या परिसरापुरताच राहिला. त्यामुळे पुढील मराठी मुद्रणपरंपरेशी त्याचा थेट धागा जुळला नाही.

वैद्यक आणि विज्ञान

धन्वंतरी महाल ही सरफोजींनी स्थापन केलेली वैद्यकशाळा होती. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. औषधांची चाचणी घेऊन गुणकारी ठरलेल्या पाठांची नोंद केली जाई. यांतील अनेक पाठ पुढे तमिळ पद्यात संकलित झाले आणि ते सरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ओळखले जातात. राजवाड्यात औषधी वनस्पतींची बाग आणि पशुपक्ष्यांचा संग्रहही होता.

नेत्ररोगांत त्यांना विशेष रस होता. रुग्णाचे वर्णन, रोगाची लक्षणे, केलेले उपचार आणि डोळ्यांची रंगीत चित्रे असलेली टिपणे सरस्वती महालात जतन केलेली आहेत. मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियांचाही त्यांत उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील भारतीय वैद्यकाच्या इतिहासासाठी ही टिपणे दुर्मीळ साधन मानली जातात. शस्त्रक्रिया सरफोजी स्वतः करीत असत असे पुष्कळदा सांगितले जाते. टिपणांवरून मात्र त्यांच्या देखरेखीखाली भारतीय आणि युरोपीय वैद्य हे काम करीत होते एवढे निश्चित दिसते.

संगीत, नृत्य आणि नाट्य

कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी त्यागराज हे सरफोजींचे समकालीन होते आणि तंजावरजवळच्या तिरुवैयारू येथे राहत. राजांनी बोलावूनही त्यांनी दरबारी आश्रय नाकारला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू, जे तंजावर चतुष्टय म्हणून ओळखले जातात, ते सरफोजी आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या दरबाराशी संबंधित होते. भरतनाट्यमच्या सादरीकरणातील रचनांचा आज रूढ असलेला क्रम त्यांनी बसविला. यांपैकी वडिवेलू पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेले. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजविण्यात या पिढीच्या कलावंतांचा वाटा होता. सरफोजींच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता.

सरफोजींच्या नावावर काही संस्कृत आणि मराठी रचना आहेत. त्यांतील देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक लक्षणीय आहे. कुरवंजी हा भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीच्या पात्राभोवती रचलेला तमिळ नाट्यप्रकार आहे. सरफोजींच्या नाटकात ही स्त्री जगाच्या भूगोलाचे वर्णन करते. तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा आणि युरोपीय भूगोल यांचा असा संयोग त्यांच्या दरबाराच्या वृत्तीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. स्वतः सरफोजींना नायक कल्पून रचलेली सरभेंद्र भूपाल कुरवंजी ही तमिळ रचना बृहदीश्वर मंदिरात सादर होत असे.

भोसले वंशचरित्र शिलालेख

१८०३ मध्ये सरफोजींनी बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास मराठी भाषेत व देवनागरी लिपीत कोरून घेतला. बाबुराव चिटणीस यांनी तो मजकूर तयार केला. मंदिराच्या नैऋत्य भागातील भिंतींवर पसरलेला हा लेख भारतातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक आहे. त्यात कुळाची पौराणिक उत्पत्ती, मालोजी आणि शहाजी यांचे पराक्रम, शिवाजी महाराजांचा वृत्तांत, तंजावर शाखेतील राजे आणि सरफोजींचे राज्यारोहण यांचे कथन येते.

लेखातील प्रारंभीचा भाग दंतकथांवर आधारलेला आहे आणि अनेक घटना तंजावर शाखेला अनुकूल अशा रीतीने सांगितल्या आहेत. त्यामुळे इतिहासकार तो अन्य साधनांशी पडताळूनच वापरतात. तरीही त्याचा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. दत्तकाचा वाद मिटून पाच वर्षे आणि राज्यकारभार गेल्याला चार वर्षे झाली होती. वंशातील आपले स्थान कागदावरच्या निर्णयावर अवलंबून न ठेवता ते चोळांच्या मंदिरातील दगडावर नोंदवावे, असा या लेखामागील हेतू अभ्यासक मानतात.

काशीयात्रा

१८२० ते १८२२ या काळात सरफोजींनी मोठ्या परिवारासह काशीयात्रा केली. गया, प्रयाग आणि काशी या त्रिस्थळींचे विधी करण्याबरोबर त्यांनी तेथील पंडितांच्या भेटी घेतल्या, हस्तलिखिते मिळविली आणि काशीच्या घाटांची चित्रे काढून घेतली. या प्रवासाचे वर्णन करणारी त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या ही मराठी रचना सरस्वती महालाच्या संग्रहात आहे. लावणीच्या रूपात यात्रावर्णन असल्याने ती मराठी वाङ्मयात वेगळी ठरते.

समकालीनांशी संबंध आणि मृत्यू

तंजावरला येणारे युरोपीय प्रवासी, अधिकारी आणि धर्मगुरू सरफोजींना आवर्जून भेटत. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर हे १८२६ च्या मार्चमध्ये तंजावरला आले होते. राजांचे युरोपीय विज्ञान आणि साहित्य यांविषयीचे ज्ञान पाहून ते प्रभावित झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिरुचिरापल्ली येथे हेबर यांचा मृत्यू झाला. सरफोजींनी आपले गुरू श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरून उभे असलेले सरफोजी असे त्याचे दृश्य असून ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. फ्लॅक्समन यांनी घडविलेला सरफोजींचा पुतळा राजवाड्याच्या दरबार दालनात आहे.

७ मार्च १८३२ रोजी तंजावर येथे सरफोजींचे निधन झाले. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले.

राज्याचे विलीनीकरण

शिवाजी भोसले यांनी १८३२ ते १८५५ या काळात गादी सांभाळली. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी ते वारले. त्यांना अनेक राण्या होत्या. परंतु मागे पुत्र नव्हता, दोन मुली होत्या. त्या वेळी लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होते. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये याच कारणाने खालसा झाले होते. तंजावरात मुलीला वारस मानावे, असे तेथील रेसिडेंटने सुचविले. पण ते मान्य झाले नाही आणि राजपद संपुष्टात आल्याचे घोषित करण्यात आले. शतकापूर्वी सुजानबाईंनी याच गादीवरून कारभार केला होता. मात्र त्या पूर्वपरंपरेचा या निर्णयात उपयोग झाला नाही.

राजपदाबरोबर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी राजवाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. त्याविरुद्ध ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि तो त्यांच्या बाजूने लागला. सरकारने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती म्हणजे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेले राज्यकृत्य असल्याचे ठरविले. अशा कृत्याची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयांना नाही, असे सांगून खालचा निकाल रद्द करण्यात आला. कृती न्याय्य होती किंवा नाही, हा प्रश्न त्यामुळे निर्णयाबाहेर राहिला. राज्यकृत्याच्या सिद्धान्तासंबंधी हा निवाडा कायद्याच्या अभ्यासात आजही शिकविला जातो. पुढे १८६२ मध्ये सरकारने कृपा म्हणून खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. सरफोजींनी जमविलेला ग्रंथसंग्रह या सर्व काळात तंजावरातच राहिला.

वंशजांची सद्यस्थिती

भोसले घराणे दत्तकविधानाने पुढे चालू राहिले. राजपद नसले तरी घराण्यातील ज्येष्ठ पुरुष हा तंजावर राजवाडा देवस्थानाचा वंशपरंपरागत विश्वस्त असतो. बृहदीश्वर मंदिरासह ८८ देवालये या देवस्थानाच्या अखत्यारीत असून त्यांचा कारभार तमिळनाडू शासनाच्या धर्मादाय खात्याच्या देखरेखीखाली चालतो. मंदिरांतील महत्त्वाच्या उत्सवांत विश्वस्त म्हणून घराण्याला मान दिला जातो. राजवाड्याच्या काही भागात वंशजांचे वास्तव्य आहे. उर्वरित भागात ग्रंथालय, १९५१ मध्ये सुरू झालेले कलादालन आणि अन्य संस्था आहेत.

भोसल्यांच्या इतर शाखांशी तुलना करता कोल्हापूरची गादी १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत टिकली, तर सातारा आणि तंजावर या गाद्या डलहौसींच्या काळात संपल्या. तंजावरच्या शाखेचे वेगळेपण असे की तिचा परिसर तमिळ भाषक आहे आणि घराण्याच्या सांस्कृतिक जीवनात तमिळ व मराठी या दोन्ही परंपरा एकत्र आल्या आहेत.

वारसा

१९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वसामान्य वाचकांसाठी खुले करण्यात आले. राजघराण्याने आपला हक्क सोडून संग्रह सार्वजनिक उपयोगासाठी दिला. आज ही संस्था तंजावर महाराजा सरफोजी सरस्वती महाल ग्रंथालय या नावाने ओळखली जाते. संस्थेने मराठी, तमिळ, संस्कृत आणि तेलुगू हस्तलिखितांच्या अनेक आवृत्त्या प्रकाशित केल्या आहेत. मोडी कागदपत्रांचा काही भाग तंजावरच्या तमिळ विद्यापीठात असून त्याच्या वाचनाचे व भाषांतराचे काम तेथे झाले आहे.

राज्य गेल्यानंतरही तंजावरातील मराठी परंपरा खंडित झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचा प्रभाव घेऊन तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्ते त्यामुळे दक्षिणेत रूढ झाली. सोन्याच्या वर्खाने सजविलेली तंजावर चित्रशैली भोसल्यांच्या आश्रयाने भरभराटीला आली. तंजावर मराठी ही बोली तमिळनाडूत आणि तेथून अन्यत्र स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत अजूनही बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्दांबरोबर मराठीची काही जुनी रूपे टिकून आहेत.